एका चर्चामंचासाठी होस्टिंगची निवड: प्रकरण अभ्यास

चर्चामंच चालवणाऱ्यांवर कधी ना कधी येणारी परिस्थिती येथे एका प्रातिनिधिक प्रकरणाच्या रूपाने मांडली आहे. आकडे गोल केलेले आहेत, पण त्यांची परस्परांशी असलेली प्रमाणे अशा मंचांवर साधारणपणे दिसतात तशीच ठेवली आहेत.

हा मंच वनस्पती ओळखण्याची हौस असणाऱ्यांचा आहे. सभासद आपल्याला दिसलेल्या झाडाझुडपाचे पान, फूल, खोड, फळ असे निरनिराळे फोटो टाकून धागा, म्हणजे नवी चर्चा, काढतात आणि जाणकार प्रतिसादांतून ओळख पटवतात. एखाद्या गवताच्या नावावरून धागा शंभर प्रतिसादांपर्यंत लांबतो आणि शेवटी धागाकर्ता बाजूलाच राहतो, हेही नित्याचे आहे. मंच पीएचपीबीबी या मुक्त स्रोत प्रणालीवर अनेक वर्षे चालू असून त्यात सुमारे ६ लाख प्रतिसाद, ३ जीबीचा डेटाबेस आणि ७० जीबी फोटो साठलेले आहेत. व्यवस्था पाहणारे तिघे स्वयंसेवक आहेत. तिघांपैकी एकालाच लिनक्सच्या कमांड लाइनवर सफाईने काम करता येते. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो, म्हणजे वर्षाला किती रक्कम हाती येईल हे ठरलेले असते आणि त्यापलीकडे काही नसते.

मंच शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या सामायिक सेवेवर होता. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाने उघडेनाशी होऊन ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसू लागली. होस्टिंग कंपनीने कळवले की खाते साधनांची मर्यादा वारंवार ओलांडत आहे, तेव्हा वरचा प्लॅन घ्यावा किंवा अन्यत्र जावे. वरच्या प्लॅनच्या जाहिरातीत ‘अमर्याद डिस्क, अमर्याद बँडविड्थ’ असे ठळक लिहिलेले होते. तिघांपैकी दोघांचे मत तो प्लॅन घेऊन मोकळे व्हावे असे होते.

नेमके काय कमी पडत होते

येथे तिसऱ्याने आग्रह धरला की आधी सर्व्हरच्या नोंदी वाचाव्यात, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. नवा होस्ट शोधण्यापूर्वी जुन्या ठिकाणी कोणत्या गोष्टीची तूट आहे हे कळले नाही, तर तीच तूट नव्या ठिकाणी अधिक पैसे मोजून विकत घेतली जाते.

शेअर्ड होस्टिंगवर एका खात्याला एकाच वेळी किती पीएचपी प्रक्रिया (मंचाची पाने तयार करणारी, पीएचपी या भाषेतील कामे) चालवता येतील यावर मर्यादा असते. अनेक ठिकाणी ती २० च्या आसपास असते, आणि ती ओलांडली की येणाऱ्या विनंतीला ५०८ हे उत्तर मिळते. डिस्क किंवा बँडविड्थ अमर्याद असण्याशी या मर्यादेचा काही संबंध नसतो. या प्रक्रिया म्हणजे खिडक्या मानल्या आणि वीसच्या वीस खिडक्या भरलेल्या असतील, तर गोदाम कितीही मोठे असले तरी रांग हलत नाही.

आता प्रश्न उरला की संध्याकाळी दीडशेच्या आसपास लोक मंचावर असताना एवढ्या खिडक्या कशाने भरतात. दीडशे माणसे वाचत बसली, तरी एकाच सेकंदाला पान मागणारी त्यांतली मोजकीच असतात. उत्तर प्रवेश नोंदींत सापडले. पानांच्या विनंत्या तुलनेने थोड्या होत्या. मोठा वाटा फोटोंचा होता. पीएचपीबीबीमध्ये प्रतिसादाला जोडलेली फाइल वेब सर्व्हर थेट देत नाही. ती मागणाऱ्याला तो विभाग पाहण्याची परवानगी आहे का, हे तपासण्यासाठी प्रत्येक फोटो, अगदी त्याची लघुप्रतिमासुद्धा, एका पीएचपी स्क्रिप्टमधून जातो. एका पानावर १५ प्रतिसाद आणि प्रत्येकाला दोन फोटो असतील, तर ते एक पान उघडताना ३१ पीएचपी विनंत्या होतात. त्यात वाचकाचे इंटरनेट मंद असेल, तर फोटो त्याच्यापर्यंत पोहोचेस्तोवर ती प्रक्रिया अडकून राहू शकते. मजकुराच्या मंचासाठी पुरेसा असलेला प्लॅन फोटोंच्या मंचाला का पुरला नाही, याचे कारण हे होते.

दुसरी गोष्ट क्रॉलरांची, म्हणजे आपोआप पाने वाचत फिरणाऱ्या बॉटांची. गेल्या काही वर्षांत भाषा-प्रारूपांसाठी मजकूर गोळा करणारे बॉट वाढले आहेत आणि जुने, मजकुराने गच्च भरलेले मंच हे त्यांचे आवडते ठिकाण आहे. पीएचपीबीबी आपल्या यादीतील परिचित बॉटना ओळखते आणि त्यांना दुव्यांत सत्र क्रमांक (एका भेटीची ओळखखूण) जोडून देत नाही. यादीत नसलेला, कुकी न स्वीकारणारा नवा बॉट मात्र तिला साधा पाहुणा वाटतो, आणि दर खेपेला नव्या सत्र क्रमांकाचे नवे दुवे त्याला मिळत राहतात. परिणामी तोच धागा तो पुन्हा पुन्हा निराळे पान समजून मागत राहतो. कोणती पाने घेऊ नयेत हे बॉटना सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलचे २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या मानक दस्तऐवजाच्या रूपाने प्रमाणीकरण झाले असले, तरी ती पाळणे हे बॉटच्या सौजन्यावरच अवलंबून आहे. प्रशासन पटलावरील बॉटांच्या यादीत नव्या नावांची भर घालणे हे काम होस्ट न बदलता, त्याच दिवशी करता येण्याजोगे होते आणि ते केले गेले. त्यामुळे भार कमी झाला. संध्याकाळची अडचण मात्र सुटली नाही.

तिसरे निरीक्षण डेटाबेसचे. ३ जीबीपैकी जवळपास अर्धा भाग पीएचपीबीबीच्या स्वतःच्या शोध निर्देशांकाचा होता. प्रत्येक शब्द कोणत्या प्रतिसादात आला याची नोंद ठेवणारा तक्ता अशा मंचांत सहसा सर्वांत मोठा असतो. शिवाय चर्चामंचावर नुसते वाचनही लिखाण घडवते: धाग्याच्या वाचनसंख्येत भर पडते, सत्राची वेळ नोंदली जाते, कोणी कुठपर्यंत वाचले याची खूण पुढे सरकते. प्रवेश केलेल्या प्रत्येक सभासदाला पान वेगळे दिसते, कारण त्याचे न वाचलेले धागे वेगळे असतात. त्यामुळे बातम्यांच्या स्थळासाठी रामबाण ठरणारी उपाययोजना, म्हणजे तयार पाने साठवून सीडीएनमार्फत (ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यातून) वाटणे, येथे फार तर पाहुण्यांपुरती उपयोगी पडते. मंचाला हवे असते ते डेटाबेसचा रोजच्या वापरातील भाग मावेल एवढी मेमरी आणि छोटी छोटी लिखाणे झटपट उरकणारी डिस्क. जाहिरातीत या दोन्ही गोष्टी क्वचितच पहिल्या ओळीत असतात.

पर्याय आणि ते का वगळले

वरचा शेअर्ड प्लॅन घेतला असता तर प्रक्रियांची मर्यादा दुप्पट झाली असती. फोटोंची वाट मात्र तीच राहिली असती, कारण ती बदलण्यासाठी वेब सर्व्हरच्या मांडणीला हात लावावा लागतो आणि शेअर्ड होस्टिंगवर ती मुभा नसते. एवढ्या कारणाने तो पर्याय बाद झाला.

मंच तयार सेवेकडे सोपवावा, म्हणजे सॉफ्टवेअर, सर्व्हर, अद्ययावतीकरण सगळे त्यांनीच पाहावे, हा पर्याय तिघांच्या मनुष्यबळाकडे पाहता खरोखर आकर्षक होता. यावर दोन प्रश्न विचारले गेले. सोडून जायचे झाल्यास संपूर्ण डेटाबेस, सभासदांच्या पासवर्डांच्या हॅशसह (मूळ पासवर्ड उलगडता न येणाऱ्या सांकेतिक रूपासह) आणि फोटोंच्या मूळ फाइलींसह मिळेल का? जुन्या धाग्यांचे पत्ते नव्या ठिकाणी वळवता येतील का? याहू ग्रुप्सने २०१९ च्या डिसेंबरात वर्षानुवर्षांचा साठा काढून टाकायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२० मध्ये सेवाच बंद केली, तेव्हा असंख्य गटांना आपला मजकूर कोणत्या स्वरूपात बाहेर काढायचा याचा विचार ऐनवेळी करावा लागला होता. चाचपणी केलेल्या सेवांपैकी काहींची उत्तरे समाधानकारक होती. पण त्यांची आकारणी साठा आणि पानांच्या भेटी यांवर होती, आणि ७० जीबी फोटोंमुळे ती वर्गणीच्या आवाक्याबाहेर जात होती. मजकूरप्रधान मंच असता, तर मी स्वतः याच पर्यायाची शिफारस केली असती.

मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या सेवेचा विचार झाला तो थोडाच. तेथे बाहेर जाणाऱ्या डेटावर वापरानुसार आकारणी होते आणि बिलाला आपोआप लागू होणारी कमाल मर्यादा बहुधा नसते. एखाद्या बेशिस्त बॉटने रात्रभर फोटो ओढले, तर त्याचे पैसे मंचाने भरायचे. ठरलेल्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने न ठरलेले बिल पत्करू नये. शिवाय मागणीनुसार सर्व्हर वाढवण्याची जी सोय तेथे आहे, तिचा एकाच डेटाबेसवर चालणाऱ्या अशा मंचाला फारसा लाभ नसतो.

याच सुमारास सॉफ्टवेअरही बदलावे असा एक सूर निघाला. डिस्कोर्स ही नवी प्रणाली अनेकांना आवडते, आणि तिच्याविषयी माझेही मत चांगले आहे. परंतु ती रूबी ही भाषा आणि पोस्टग्रेसक्यूएल व रेडिस हे डेटाबेस यांवर उभी असून डॉकर या साधनाच्या साहाय्याने बसवली जाते, म्हणजे तिला शेअर्ड होस्टिंग चालतच नाही. होस्ट बदलणे आणि प्रणाली बदलणे ही दोन कामे एकदम केली, तर काही बिघडल्यावर दोष कशात आहे हे शोधणे अवघड होते. म्हणून प्रणाली तीच ठेवण्याचे ठरले.

उरला व्हीपीएस (एका मोठ्या यंत्राचा आपल्यापुरता राखलेला, आपल्या ताब्यातील आभासी सर्व्हर), आणि खरा पेच येथे होता. स्वतः सांभाळायचा व्हीपीएस स्वस्त असतो, पण सुरक्षा दुरुस्त्या, फायरवॉल, डेटाबेसची देखभाल हे सारे आपल्याच अंगावर येते. हे सर्व जाणणारा एकच जण असताना तो आजारी पडला किंवा नोकरीत गुंतला, तर मंच बेवारस होतो. व्यवस्थापित व्हीपीएसमध्ये कार्यप्रणाली, वेब सर्व्हर आणि डेटाबेस यांची देखभाल कंपनी करते, मंचाचे सॉफ्टवेअर आपण पाहायचे. खर्च साधारण दुपटीकडे जात होता. तिघांनी व्यवस्थापित पर्याय स्वीकारला आणि त्यासाठी मेमरी ८ जीबीऐवजी ४ जीबीवर समाधान मानले. हा सौदा मला योग्य वाटतो: शोध निर्देशांक वगळता डेटाबेस दीड जीबीचा होता आणि तो ४ जीबीत पीएचपीसकट बसत होता, शिवाय मेमरी नंतर वाढवता येते. जाणकार माणूस तसा वाढवता येत नाही.

उमेदवार कंपन्यांची परीक्षा

तीन कंपन्या निवडून त्यांना एकच पत्र पाठवले गेले. त्यातला पहिला प्रश्न मुद्दाम नेमका होता: एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट ही सोय वापरून जोडफाइली देण्याची मांडणी तुम्ही करून द्याल का? या युक्तीत परवानगीची तपासणी पीएचपीच करते, पण फाइल स्वतः न पाठवता ती पाठवण्याची आज्ञा वेब सर्व्हरला देते आणि लगेच मोकळी होते. पीएचपीबीबीमध्ये यासाठी सोय आधीपासून आहे. एक स्थिरांक घोषित करून सर्व्हरच्या मांडणीत काही ओळी घालाव्या लागतात. एका कंपनीने ‘होय, मांडणी पाठवा, आम्ही तपासून बसवू’ असे उत्तर दिले, दुसरीने आधी तुमच्या फाइली कोणत्या फोल्डरमध्ये आहेत असे विचारले, आणि तिसरीने मोठा प्लॅन घेण्याची तयार शिफारस चिकटवली. तिसरी तेथेच गळाली. उत्तर किती वेळात आले यापेक्षा ते प्रश्न वाचून दिले होते का, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

सभासदांच्या मजकुरावर कोणी आक्षेप घेतल्यास तुम्ही काय करता, हा दुसरा प्रश्न. चर्चामंचावर कोण काय लिहील याची खात्री देता येत नाही, आणि काही होस्ट तक्रार येताच संपूर्ण खाते स्थगित करतात. तक्रार आधी मंचचालकांकडे पाठवून मुदत देणारा होस्ट हवा, आणि ती मुदत सेवाशर्तींत लिहिलेली हवी. तोंडी आश्वासनाला येथे किंमत नाही. हल्ल्याच्या स्वरूपात विनंत्यांचा पूर आल्यास कंपनी तो गाळते की आपला आयपी पत्ताच काही काळ बंद करते, हेही याच वेळी विचारले गेले.

उपलब्धतेच्या हमीकडे तिघांचे फार लक्ष होते. मला ती कमी महत्त्वाची वाटते. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे बंद, आणि हमी मोडल्यास मिळते ती भाड्यातील थोडी सूट. हौशी मंच पाऊण तास बंद राहिला तर कोणाचे नुकसान होत नाही, मात्र आठवडाभराचे प्रतिसाद पुसले गेले तर होते.

सर्व्हरचे ठिकाण निवडताना साधा हिशेब पुरला. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरशी एक फेरी किमान १०० मिलिसेकंदांची. नवी सुरक्षित जोडणी करून पहिले उत्तर मिळेपर्यंत अशा तीन फेऱ्या होतात, आणि प्रत्यक्ष मार्ग सरळ नसल्याने वेळ आणखी वाढतो. नोंदींवरून बहुसंख्य वाचक ज्या भूभागातले दिसले, त्याच भूभागातले केंद्र घेतले.

दोन्ही उरलेल्या कंपन्यांकडे महिन्याभरासाठी सर्व्हर घेऊन मंचाची प्रत तेथे उतरवली गेली. रिकाम्या सर्व्हरवर घेतलेल्या वेगचाचण्या फारसे काही सांगत नाहीत. आपलाच डेटाबेस, आपलेच फोटो आणि सुट्टीची संध्याकाळ हीच कसोटी. सर्व्हरवरचा भार दाखवणाऱ्या टॉप या आज्ञेच्या निकालात ‘एसटी’ या अक्षरांपुढे दिसणारा आकडा तेव्हा पाहायचा असतो. आपल्या वाट्याचा प्रोसेसर शेजाऱ्यांकडे किती वेळ गेला हे तो दाखवतो. एका कंपनीकडे तो सकाळी शून्य आणि संध्याकाळी दोन आकडी होता, म्हणजे एका यंत्रावर गिऱ्हाइके दाटीने बसवलेली होती. निवड येथेच झाली.

टपाल, डोमेन, बॅकअप

होस्ट निवडताना ईमेलचा विचार सहसा शेवटी होतो, आणि स्थलांतरानंतरची पहिली तक्रार बहुधा त्याचीच असते. नोंदणीची पुष्टी, विसरलेला पासवर्ड, पाठपुरावा केलेल्या धाग्यांची सूचना हे सर्व ईमेलने जाते. बरेच व्हीपीएस पुरवठादार बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट (थेट ईमेल पाठवण्याची वाट) बंद ठेवतात आणि नव्या आयपी पत्त्याला टपालाच्या जगात पत नसते. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. तेव्हापासून पत्र खरोखर त्याच डोमेनकडून आले हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी नीट लावल्या नसतील, तर पत्रे स्पॅममध्ये जाण्याचा किंवा न पोहोचण्याचा धोका वाढला आहे. मंचाने सर्व्हरवरून थेट पत्रे न पाठवता ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून एका टपाल सेवेमार्फत ती पाठवण्याचे ठरवले आणि तिचा खर्च होस्टिंगच्याच हिशेबात धरला.

नव्या होस्टने मोफत डोमेन नोंदणी देऊ केली होती. ती नाकारली. डोमेन आणि सर्व्हर एकाच खात्यात असले, तर वाद झाला की दोन्ही एकदम अडकतात. डोमेन स्वतंत्र निबंधकाकडेच राहिले. मात्र ते एका स्वयंसेवकाच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदलेले होते, ते तिघांनाही उघडता येईल अशा सामायिक पत्त्यावर आणले गेले.

होस्ट रोज बॅकअप घेणार होता. तो कोठे ठेवता, असे विचारल्यावर ‘त्याच केंद्रात’ असे उत्तर आले. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबूर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या केंद्रात आग लागून एक इमारत पूर्ण जळाली, तेव्हा सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात ठेवलेल्या काही ग्राहकांचे दोन्ही गेले. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत रोज एक प्रत जाईल अशी व्यवस्था झाली, आणि तेथे लिहिण्याची परवानगी सर्व्हरला दिली पण पुसण्याची दिली नाही, जेणेकरून सर्व्हरचा ताबा गेला तरी जुन्या प्रती शाबूत राहतील. दर तिमाहीला एक प्रत प्रत्यक्ष उतरवून मंच उघडतो का हे पाहण्याचे काम कमांड लाइन न येणाऱ्या दोघांवर सोपवले. कृती लिहून काढलेली आहे आणि तिसऱ्याला त्या वेळी फोन करायचा नाही, असा नियम केला आहे. मला ही तरतूद सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची वाटली.

स्थलांतर

प्रत्यक्ष हलण्याचे काम त्या मानाने सोपे ठरले. दोन दिवस आधी डोमेनच्या नोंदींची टीटीएल मुदत (जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ३०० सेकंदांवर आणली आणि फोटोंची पहिली प्रत आरसिंक या, फक्त बदललेल्या फाइली नेणाऱ्या साधनाने नव्या सर्व्हरवर नेली. ठरल्या रात्री मंच बंद करून सूचना लावली, डेटाबेसची निर्यात केली, आरसिंक पुन्हा चालवून दरम्यान आलेले फोटो नेले. शोध निर्देशांक नेला नाही. तो नव्या ठिकाणी पुन्हा उभारता येतो आणि त्याच्याशिवाय निर्यात निम्म्याने हलकी झाली. शोधाची सोय दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहिली, याची कल्पना सभासदांना आधी दिलेली होती. जुने होस्टिंग आणखी एक महिना चालू ठेवले, पण तेथील मंच कुलूपबंद केला, कारण जुन्या पत्त्यावर पोहोचलेल्या सभासदाने तेथेच प्रतिसाद लिहिला असता तर तो हरवला असता.

त्यानंतरच्या सुट्ट्यांच्या संध्याकाळी एकाच वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रक्रिया क्वचितच दहापुढे गेल्या. म्हणजे फोटोंची वाट बदलल्यावर जुनी मर्यादासुद्धा पुरली असती. फक्त ती वाट बदलण्याची मुभा जुन्या ठिकाणी नव्हती.

एक बाब अजून उघडी आहे. फोटोंचा साठा वाढतच राहणार आणि व्हीपीएसवर डिस्क वाढवणे महाग असते. ऑब्जेक्ट स्टोरेजसारख्या स्वस्त साठवणीत फोटो हलवायचे, तर परवानगीच्या तपासणीची आजची पद्धत बदलावी लागेल, किंवा सर्वांना खुल्या असलेल्या विभागांचेच फोटो तेथे न्यावे लागतील. डिस्क ७० टक्के भरली की हा विषय पुन्हा घ्यायचा असे तिघांनी ठरवले आहे. तोवर नव्या फोटोंची कमाल लांबी-रुंदी मर्यादित केली आहे. पानांच्या शिरा आणि खोडावरची लव ओळखता येईल इतपत ती मोठी असावी, एवढी अट जाणकार सभासदांनी घातली आणि ती मान्य झाली.